नाव बदला, तपशील ठेवा

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्या त्या विभागात दर बुधवारी दुपारी खुली बैठक भरे. एम.ए.ची मुलं आपापला प्रबंध मांडत आणि परदेशी वकिलातींतले लोक ऐकायला येत. विभागाला याचं कोण कौतुक! वकिलातीचा एखादा माणूस दारात दिसला, की शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळ्यांना स्वर्ग दोन बोटं उरे.

सगळ्यांत नेमानं येत ते नदीपलीकडच्या देशाच्या वकिलातीतले एक गृहस्थ. त्यांच्यापुढे बशी ठेवली की ती रिकामीच परत जाई, म्हणून पोरांनी त्यांचं नाव बिस्किटकाका पाडलं होतं. हसरा चेहरा, मऊ आवाज, प्रत्येकाची आपुलकीनं चौकशी. अशा माणसाला कोण कशाला भिईल?

त्या बुधवारी बारकीची पाळी होती. नाव घरचं, पण ते विभागातही चिकटलं होतं. सीमा बंद झाल्यापासून नदीकाठच्या बायकांची बाळंतपणं कशी होतात, हा तिचा विषय. पलीकडे दवाखाना नाही, अलीकडे आहे, आणि मध्ये नदीवर बंदूकवाल्यांचा पहारा. पलीकडच्या काठावरची एक नर्स अडलेल्या बायकांना होडीत घालून गुपचूप अलीकडे आणते. सापडली तर तिथल्या कायद्यानं जन्मठेप. ही नर्स म्हणजे बारकीची सख्खी मावशी, लग्न होऊन तिकडे गेलेली. नात्याचं हे बारकीनं विभागात कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलाखती लिहिताना तिच्या मार्गदर्शक बाईंचा एकच नियम असे. "नाव बदला, तपशील ठेवा. तपशील गेला की प्रबंधाचा भुसा होतो." बारकीनं तो नियम अक्षरशः पाळला. मावशीचं नाव बदललं, गावाचं बदललं. बाकी सगळं ठेवलं. राजधानीतल्या मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून गावी परतलेली, विधवा, एका पायानं अधू. नदीकाठच्या त्या चार वस्त्यांत अशा नर्स असून असून किती असणार, हा साधा विचार अख्ख्या विभागातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही.

मांडणी झकास झाली. बाई खूश दिसत होत्या. मग बिस्किटकाकांनी हात वर केला.

"फार सुंदर काम केलंयस, पोरी. त्या बाईंचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. अधू पाय कुठला गं त्यांचा, डावा की उजवा?"

"डावा," बारकी म्हणाली.

पहिलीपासून पहिल्या बाकावर बसलेली मुलगी ती. प्रश्न आला की उत्तर आलंच पाहिजे, ही खोड हाडीमासी खिळलेली. शब्द तोंडातून गेला आणि मग तिच्या मनात आलं. हा माणूस हे कशाला विचारतोय? काकांनी काही लिहून घेतलं नाही. नुसती मान डोलावली आणि बशीतलं शेवटचं बिस्कीट उचललं. त्यानंतर बाकीच्यांनी काय विचारलं आणि आपण काय सांगितलं, यातलं बारकीला काही कळलं नाही. मावशी उंबऱ्यावर बसून डाव्या गुडघ्याला तेल चोळते ते तिला सारखं दिसत होतं.

बैठक मोडली. काका कोटाची बटणं लावू लागले. हा माणूस आता वकिलातीत जाणार, फोन उचलणार. बारकीला एकच वाट दिसली, आणि ती तशीच पुढे घुसली.

"सर, एक मिनिट. ती नर्स खरी नाहीये. मी रचलीय ती."

बाई शेजारीच उभ्या होत्या. "काय बोलतेयस तू? शुद्धीवर आहेस ना?"

"हो बाई. मला तिकडे कुणी भेटलंच नाही. सगळ्या मुलाखती मी घरी बसून लिहिल्या."

"अगं, काढून टाकतील तुला! दुसरीकडे कुठे उभं करणार नाहीत!"

"माहितीय," बारकी म्हणाली. पदवी गेली खड्ड्यात. यांना पटू दे, फक्त एवढं यांना पटू दे, असा तिचा जीव आतल्या आत टाहो फोडत होता.

बिस्किटकाका हसले, अगदी मायेनं. "रचलेल्या बाईचा पाय कुठला असं विचारलं, तर माणूस जरा अडखळतो, पोरी. तू अडखळली नाहीस." बाईंना नमस्कार करून ते सावकाश जिना उतरून गेले.

बाई हाका मारत होत्या. बारकी धावत वऱ्हांड्याच्या टोकाला गेली आणि तिनं मावशीला फोन लावला.

"मावशी, निघ तिथून. आत्ताच्या आत्ता! त्यांना कळलंय. माझ्यामुळे कळलंय गं."

मावशीच्या मागे कुणीतरी बाई कण्हत होती.

"बरं. आधी रडणं थांबव. हिच्या कळा पुढे गेल्यात, आता हिला होडीत घालता यायची नाही. मोकळी झाली की लगेच निघते."

"आत्ताच निघ ना! दुसऱ्या कुणाला तरी बसव तिच्याजवळ."

"दुसरं कोण आहे इथे, बारके?"

"मग किती वेळ लागेल?"

"पहिलटकरीण आहे गं," मावशी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पहिलटकरणीला कधीकधी अख्खा दिवस लागतो. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात बारकीनंच ते लिहिलं होतं, मावशीच्या शब्दांत.