वाघ नसलेलं पुस्तक

उमेराने नुसतं हो म्हटलं असतं तर तिच्या पदरात बरंच पडणार होतं. पुण्याचा नावाजलेला प्रकाशक, गुळगुळीत कागद, मोठ्या प्रदर्शनात मांडणी, आणि घरात 'पोरगी दिवसभर रेघोट्या ओढते' हे बोलणं कायमचं बंद. बदल्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती. वाघ.

"चंद्रपूरकडची चित्रकादंबरी आणि वाघ नाही?" संपादिकाबाई फोनवर हळहळल्या. "निदान मुखपृष्ठावर तरी टाक. हल्ली मोठी माणसं कॉमिक्स घेतात कुठे? वाघ असला की उचलतात."

यात खोटं काही नव्हतं. मोबाईलवर उमेराच्या व्यंगचित्रांना अंगठे ढीगभर. खिशाकडे हात कुणाचाच जात नसे. पण तिचं पुस्तक होतं सावली गावच्या आठवडी बाजाराचं. नायिका रुखमाबाई, सुकी मासळी विकणारी. तिच्या शेजारी पोत्यावर बसून उमेराने बाजारातला एकेक चेहरा टिपला होता. वाघाचं तिने रुखमाबाईलाच विचारलं.

"माझ्या दुकानात वाघ? इथी उधारीवालेच येऊन राह्यले, पोरी. वाघ आला असता तं त्याईले तरी घेऊन गेला असता!"

उमेराने पुण्याला नकार कळवला. कळवल्यावर मात्र प्रश्न उभा राहिला. आता छापणार कोण?

शफीमामूंची लग्नपत्रिकांची प्रेस होती. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मशीन रिकामीच. "मी छापतो ना," मामू म्हणाले. "गुलाबी कागद पडून हाय. भाचीचं पैलं पुस्तक, म्हंजे शादीच समज."

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. सुक्या मासळीची कथा अत्तराचा वास मारत बाहेर आली, आणि शेवटचं पान पाहून उमेरा किंचाळलीच. हाताच्या सवयीने मामूंनी तिथे 'स्वागतोत्सुक' लिहून चित्रांतल्या साऱ्या बाजारकरांची नावं ओळीने लावली होती. 'किलबिल'मध्ये पोरांसोबत रुखमाबाईची बकरीसुद्धा.

"मामू, लोक हसतील!"

"हसू दे. नाव नाई टाकलं तं येते कोण?"

पुढच्या बाजारी गठ्ठा रुखमाबाईच्या दुकानात मासळीशेजारी मांडला. जो येई तो आधी नाव शोधी, मग चेहरा, आणि मग भांडायला लागे. "माझं पोट एवढं हाय का वो?" आणि दोन प्रती घेई. एक घरी, एक जावयाकडे.

दुपारी माजी सरपंच भैयाजी आले. शेवटचं पान दोनदा वाचून फुगले. "माझं नाव काऊन नाई?"

"भैयाजी, तुम्ही बाजारात येता कुठे? तुमचा गडी येतो."

"आता आलो ना! फिरून छाप. कागद माझा. मले टाक."

"टाकते. पण दिसता तसेच."

भैयाजींनी टकलावरून हात फिरवला. "टोपी तं घालू देशील?"

"घाला."

दुसरी खेपही संपत आली तेव्हा पुण्याहून संपादिकाबाईंचा फोन आला, पुस्तकाचं फार ऐकलंय, एक भेटप्रत पाठव. रुखमाबाईने फोन हिसकावला. "बाई, इथी उधार नाई!"

हिशेब असा लागला: पहिला कागद मामूंचा, दुसरा भैयाजींचा, नाकापोटाची बोलणी उमेराने खाल्ली, पुण्याच्या बाईंनी एका प्रतीचे रोख मोजले. फुकट सुटला तो फक्त वाघ.