तिसऱ्या गिअरमधला आवाज

फोरमनना ऐकू येईनासं झालं होतं, आणि ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती. तो माणूस म्हणजे खुद्द फोरमन. झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायानं त्यांनी ती दीड वर्ष झाकून ठेवली होती.

साधा म्हातारपणाचा बहिरेपणा असता तर कुणी लपवला असता? वय झालं की कुणाचे गुडघे जातात, कुणाचे दात. त्यात लाज कसली! पण फोरमनचे कान म्हणजे घराण्याची इस्टेट होती. उभा जन्म त्यांनी छापखान्यात काढला. यंत्रांच्या त्या धडधडाटात उभं राहून ते सांगत, "कोपऱ्यातल्या मशीनचा रोलर कोरडा पडलाय, तेल घाला," आणि जाऊन बघावं तर रोलर खरंच कोरडा. निवृत्तीनंतर हे कान नातेवाइकांच्या सेवेत रुजू झाले. कुणी मिक्सर घेवो, पाण्याचा पंप घेवो की शिवणयंत्र, फोरमनना आधी त्याच्यापुढे नेऊन उभं करायचं. ते डोळे मिटत, मान जराशी कलती करत आणि निकाल देत. त्या निकालावर अपील नव्हतं. ज्या यंत्रांनी हे नाव मिळवून दिलं त्यांनीच पुढे कान खाल्ले, हा भाग वेगळा.

ऐकू येत नसताना दीड वर्ष चारचौघांत वावरायचं म्हणजे अंगी कला लागते. फोरमननी कोणत्याही वाक्याला चालतील अशी उत्तरं तयार ठेवली होती. "बघू," "तेही खरंच म्हणा," आणि अगदीच गळ्याशी आलं तर "तुला काय वाटतं?" या शेवटच्या उत्तरामुळे तर ते उतारवयात फार समंजस झाल्याची ख्याती पसरली. घरात एकटेच असल्यामुळे टीव्ही कितीही मोठा केला तरी विचारणारं कुणी नव्हतं. समोरच्याचे ओठ दिसले की निम्मं काम व्हायचं.

पण जावयापुढे या कलेचं काही चालत नसे. हे गृहस्थ ग्रंथपाल. वर्षानुवर्षं ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसल्यामुळे ते घरीही कुणाची वाचनसमाधी मोडू नये अशा बेतानं बोलत. ओठसुद्धा जपून वापरत. माणूस सोन्यासारखा, पण फोरमनना त्यांचं एक अक्षर कळेल तर शपथ.

अशात मुलीचा मेसेज आला. ‘शनिवारी गाडी बघायला जायचंय. चार वर्षं वापरलेली सेडान आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय घेणार नाही.’ फोरमननी तो वाचला आणि चहा तसाच खाली ठेवला.

कारण आधीची गाडी लेकीनं त्यांना न विचारता घेतली होती. कामावर जायचा तिचा रस्ता लांबचा आणि ओसाड. एके दिवशी त्या गाडीच्या गिअरबॉक्सनं मधेच मान टाकली आणि ती लहान मुलीला कडेवर घेऊन कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता, की गाडी घ्यायची तर बाबांना दाखवूनच. आता बाबांनी हो म्हणायचं आणि हाही गिअरबॉक्स तसलाच निघाला तर? मग खरं सांगून टाकायचं? सांगितलं की संपलंच. मग ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही बघतो’ हे वाक्य सुरू होणार आणि मरेपर्यंत थांबणार नाही. मरणाची भीती नव्हती त्यांना, त्या वाक्याची होती.

शनिवारी तिघं जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे पोचले. विक्रेता हसतमुख, गळ्यात चष्मा, तोंडाला विसावा नाही. गाडी चांदीच्या रंगाची, धुऊनपुसून नवरीसारखी उभी केलेली. फोरमननी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे."

"उन्हानं हो काका!" विक्रेता खणखणीत बोलायचा, त्यामुळे तो फोरमनना एकदम आवडून गेला.

फोरमननी शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. "ही गार आहे. हिला ऊन वर्ज्य आहे का?"

विक्रेत्यानं चष्मा पुसला. फोरमननी लेकीला समजावलं, "आधीच तापवून ठेवलेलं इंजिन पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं शहाणं वागतं. खोड्या कळतात त्या गार असताना." मग इंजिन निवेपर्यंत सगळे चहा पीत बसले. जावई मधे काहीतरी म्हणाले. फोरमन म्हणाले, "तेही खरंच म्हणा." जावयांनी चमकून बायकोकडे पाहिलं. ते स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारत होते.

इंजिन निवलं. फोरमननी तेलाची पट्टी काढून बोटांत तेल चोळलं, हुंगलं. गाडी सुरू करायला लावून मागच्या नळीसमोर आपला पांढरा रुमाल धरला. ना काळं, ना तेलकट. इथवर डोळे, नाक आणि बोटं होती, त्यामुळे इथवर फोरमन राजे होते. मग सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळल्या, कारण आता तो प्रसिद्ध क्षण आला होता. त्यांनी डोळे मिटले आणि मान कलती केली. इंजिन त्यांना गादीखाली ठेवल्यासारखं ऐकू आलं, म्हणजे जवळजवळ नाहीच.

"बघू," ते म्हणाले. "चालवून बघू."

जावई चालवायला बसले, फोरमन शेजारी, मागे लेक आणि विक्रेता. बसताक्षणी फोरमननी बूट काढले, मोजे काढले आणि तळवे गाडीच्या जमिनीला टेकवले.

"बाबा, हे काय?"

"नव्या गाड्या फार गोडबोल्या असतात. कानाला फसवतात. पायाला नाही फसवता येत."

हे त्यांनी ऐन वेळी जुळवलेलं होतं, पण त्यात तथ्य निघालं. छापखान्यात जमिनीची थरथर पायात भिनली होती ती गेलेली नव्हती. इंजिन एका लयीत चाललं होतं, कुठे अडखळत नव्हतं. क्लच सुटताना धक्का नव्हता. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, गिअर लोण्यासारखे पडत होते. फोरमनच्या जिवात जीव आला. कान गेले तर गेले, पाय शाबूत आहेत! ‘पसंत’ हा शब्द त्यांच्या ओठांवर येऊन बसला.

तेवढ्यात त्यांना जावयांची डावी भुवई दिसली. ती जराशी उडाली आणि पुन्हा खाली बसली. पुढच्या चौकात गाडी हळू झाली, पुन्हा वेग घेतला, आणि भुवई पुन्हा उडाली. फोरमननी गिअरच्या दांड्याकडे पाहिलं. तिसरा.

मग त्यांनी समोरच्या आरशात पाहिलं. दुसऱ्या गिअरमध्ये विक्रेता गप्प. चौथ्यात गप्प. तिसरा पडला रे पडला की त्याचं तोंड सुरू. सीटचं कापड, मागची जागा, आधीचा मालक किती सज्जन! लेक त्याच्याकडे वळून माना डोलावत होती. चौथा पडला की सज्जन मालकाची गोष्ट अर्धवट सोडून स्वारी खिडकीबाहेर बघायला मोकळी.

"जावईबापू, काही आवाज येतोय का?"

जावयांचे ओठ हलले. फोरमननी सगळा जीव डोळ्यांत आणून ते वाचले. ‘तुम्हाला नाही आला म्हणजे नसेलच, बाबा.’

फोरमन सुन्न झाले. म्हणजे या माणसाला आवाज येत होता, आणि फोरमनच्या कानांचा मान राखण्यासाठी तो स्वतःच्या कानांना खोटं पाडत होता. उद्या लेकही तेच करील. ओसाड रस्त्यावर गाडी कण्हायला लागेल आणि ती म्हणेल, बाबांना काही वाटलं नाही ना, मग नसेलच काही.

सुटका सोपी होती. ‘नापसंत’ म्हणायचं, मान कलती करायची, अब्रू शाबूत. पण आवाज गिअरचा, चाकाचा की नुसत्या सैल पत्र्याचा, हे त्यांना कुठे माहीत होतं? आणि या गाडीनंतर दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी भुवई वाचत बसायचं? ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्यांनी दीड वर्ष घालवलं होतं. आता त्यांना स्वतःचाच राग आला.

"गाडी बाजूला घ्या."

जावयांनी घेतली. फोरमन म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

"काय?" जावई म्हणाले.

"अहो, मला ऐकू येत नाही! तुमचं तर काहीच येत नाही. मघाशी चहा पिताना तुम्ही काय म्हणालात देव जाणे. तेव्हा माझं राहू द्या. तुम्हाला काय ऐकू येतं ते सांगा, आणि मोठ्यानं सांगा, ही लायब्ररी नाही."

मागून विक्रेता म्हणाला, "मग काका इंजिनाचं काय सांगणार कपाळ?" लेकीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आल्यापासून पहिल्यांदा मनापासून गप्प बसला.

जावयांनी घसा साफ केला. आणि मग त्या माणसाच्या छातीतून असा आवाज निघाला की फोरमन दचकलेच. "बारीक आवाज आहे, बाबा! वाचनालयात कुणीतरी चोरून खुर्ची सरकवावी ना, तसा! फक्त तिसऱ्यात!"

"शाब्बास! चला, पुन्हा चालवा. दुसऱ्यात जरा ताणा. आला?"

"नाही!"

"म्हणजे इंजिन नाही. आता तिसरा. आला? अॅक्सिलरेटर सोडा."

"कमी झाला!"

"न्यूट्रल करा, नुसती घरंगळू द्या."

"गेला! अजिबात नाही!"

"चाकाचं बेअरिंग असतं तर न्यूट्रलमध्येही राहिला असता. तिसऱ्या गिअरचे दात झिजलेत. आज खुर्ची सरकतेय, सहा महिन्यांनी अख्खं कपाट कोसळेल." फोरमन मागे वळले. "काय हो, या गिअरमध्ये तुम्हाला बोलायला का सुचतं, ते आत्ता कळलं."

विक्रेत्यानं पुन्हा चष्मा काढला, पण या खेपेला पुसायचंही विसरला.

परतीच्या रस्त्यावर जावई बोलायचे थांबायलाच तयार नव्हते. स्टिअरिंग सरळ आहे, ब्रेक जरा उशिरा लागतो, आणि जाता जाता, बाबा, तुमच्या स्वयंपाकघरातला पंखा तीन महिने किंचाळतोय, मी दर वेळी सांगतो आणि तुम्ही दर वेळी ‘बघू’ म्हणता! फोरमन ऐकत होते. माणूस विनोदीही होता, हे त्यांना नव्यानं कळलं. इतकी वर्षं एवढी चांगली संगत टेबलापलीकडे बसून होती आणि आपण तिला ‘तेही खरंच म्हणा’ म्हणत राहिलो, याचं त्यांना वाईट वाटलं.

विक्रेत्याच्या अंगणात गाडी लागली. शेजारची गार गाडी सोमवारी बघायला येऊ, तेव्हा ती गारच ठेवायची, असं फोरमननी विक्रेत्याला बजावलं. तो मान हलवून आत सटकला. फोरमन सीटवर बसूनच बूट चढवत होते. लेक मात्र त्यांच्या दाराशी उभी होती, हाताची घडी घालून. ‘बाबा, तुम्ही बसा’ आता येणार, अशी फोरमननी मनाची तयारी केली.

"कधीपासून?" तिनं विचारलं. समोर येऊन, ओठ दिसतील असं.

"दीड वर्ष."

"म्हणजे मागच्या रविवारी मी फोनवर सांगितलं ते तुम्हाला ऐकूच आलं नाही?"

"फोनवर तर मुळीच नाही. गाडीचंच बोलत होतीस ना?"

"तुम्ही म्हणालात, ‘घाई कशाला, वर्षअखेरीस किमती उतरतात.’" तिचा आवाज कापला. हसण्यानं की रडण्यानं, ते ओठांवरून कळेना. "आठवडाभर मी घुसमटतेय. वाटलं, बाबांना आवडलं नाही. म्हणून नुसता मेसेज पाठवला."

"अगं, काय आवडलं नाही?"

जावई पलीकडे गाडीच्या टपावर डोकं टेकून गदागदा हसत होते. लेक वाकली, बापाच्या कानाला दोन्ही हातांचा आडोसा केला आणि ओरडली,

"दुसऱ्यांदा आजोबा होणार आहात तुम्ही!"

विक्रेता आतून धावत बाहेर आला. रस्त्यावरचे दोघंतिघं थबकले. फोरमनना शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला होता. त्यांनी डोळे मिटले, मान जराशी कलती केली आणि म्हणाले, "काय? पुन्हा सांग."