सरळ रेघेचे कौतुक

मी एक जुना रेकॉर्डर आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मित्रांनो. पंपघरातल्या मोठ्या पाइपात पाण्याचा दाब किती, ते कागदावर उतरवणारा. आज मी कार्यालयाच्या दर्शनी खोलीत काचेमागे बसलो आहे आणि माझा नुसता संताप होतो आहे. का, ते ऐका.

कारखान्यात मला घड्याळाची चक्रे, पितळेची नळी आणि एक बारीक लेखणी मिळाली. नळी पाइपाला जोडली आणि पाण्याची धडधड थेट लेखणीत आली. वाहते पाणी कधी स्थिर नसते, म्हणून माझी रेघ सदा थरथरे. त्या थरथरीचा स्वभाव मात्र ठरलेला होता. सकाळी जसा, तसाच संध्याकाळी. लोक म्हणत, "हा रोज तेच लिहितो!" अहो, स्वभाव तोच म्हणून बोलणेही तेच का? बडबड्या मावशीचा स्वभाव तुम्हाला पाठ असतो, म्हणून तिचे पुढचे वाक्य सांगता येते का?

हे दोघांनाच कळत होते : पंप चालवणारे मिशाळ काका आणि नवी आलेली इंजिनिअर ताई. त्यांचा एक खेळ होता. लिहिलेल्या रेघेवर पुठ्ठा ठेवायचा, तो हळूहळू सरकवायचा आणि रेघ पुढे वर जाते की खाली, ते आधीच सांगायचे. जो जास्त चुकेल त्याने चहा करायचा.

"मागचं सगळं बघूनही जे ओळखता येत नाही ना काका, तेवढीच खरी बातमी," ताई म्हणायची. "दर क्षणाला हा थोडी थोडी नवी बातमी देतो. किती भराभर देतो, ते मोजता येतं."

"बातमी राहू द्या ताई. हरलात, चहा टाका."

एकदा पाहुणे यायचे होते. साहेबांनी माझ्याकडे पाहून नाक मुरडले. "ही काय रेघ? कोंबडीने पाय पुसल्यासारखी! नळीवरचा स्क्रू आवळा."

स्क्रू आवळला आणि माझा गळाच आवळला गेला. पाण्याची धडधड माझ्यापर्यंत येईना. रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ झाली. पाहुणे "वा!" म्हणाले. साहेबांनी आयुष्यात प्रथमच मला थोपटले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकला होता. मला तोंड दाबून शाबासकी मिळाली!

पाहुणे गेले, स्क्रू तसाच राहिला. खेळात आता कोणीच हरेना, त्यामुळे चहाच होईना. काका हसले. ताई मात्र गंभीर झाली.

"काका, सगळंच ओळखता येतंय. म्हणजे हा काही सांगतच नाहीये!"

ती साहेबांकडे धावली. "स्क्रू सैल करू द्या."

"खबरदार! सरासरी दाब बरोबर आहे ना? मग झालं."

इकडे काका व्हॉल्व्हला तेल द्यायला जमिनीखालच्या चेंबरकडे निघाले. उतरण्याआधी पाइप ठीक आहे ना, हे बघायला ते नेहमी माझ्याकडे एक नजर टाकत. तशी त्यांनी टाकली. सरळ रेघ पाहून ते निश्चिंत गेले. ओरडावे म्हटले, तर लेखणी हलेना!

इतक्यात ताई परतली आणि तिने स्वतःच स्क्रू फिरवला. माझी लेखणी कागदाच्या या कडेवरून त्या कडेवर आदळू लागली. हा माझा नेहमीचा स्वभाव नव्हता. चेंबरमधला पाइपाचा सांधा निसटत होता, आणि कधीपासून, कोण जाणे!

"काका, वर या! आधी वर या!"

"का, चहा टाकलात की काय?" शिडीवरून आवाज आला. काका चेष्टेतच वर आले. त्यांचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच सांधा फुटला आणि चेंबर काठोकाठ भरले.

मग कोणी माझी माफी मागितली? छे! "यंत्र जुनं झालं," एवढे म्हणून साहेबांनी मला इथे आणून बसवले. माझ्या जागी आता एक पडदा आहे. तो तासातासाची सरासरी दाखवतो. "डोळे मिटून सांगतो मी ती," असे काका जाता-येता पुटपुटतात.

आणि माझ्यावर कागद कोणता लावला आहे? गळा आवळलेल्या दिवसांतला! तुम्ही सहलीला येता आणि म्हणता, "किती छान रेघ!"

मित्रांनो, थरथरत बोलणाऱ्याला नीटनेटके करण्यापायी मुके करू नका. आणि माझे एक काम करा. काका वर आले त्या दिवसाचा वेडावाकडा कागद ताईच्या कपाटात आहे. तो इथे लावायला सांगा. तो दिसायला वाईट आहे, पण तो मी लिहिलेला आहे.