डाव्या बाजूचा बेस

वहिनी चपलाही न काढता आत आली आणि मोबाइल धाकटीच्या नाकासमोर धरला.

"हे तू लिहिलंस? वाच. मोठ्याने वाच."

धाकटीनेच लिहिलं होतं. एका साप्ताहिकाच्या संगीताच्या पानावर ती नव्या अल्बमांची सालं काढते, आणि सालं काढताना नातंगोतं बघत नाही अशी तिची ख्याती. या खेपेला दोन अल्बम होते. एक हिप-हॉपचा. रॅपर नवी पोरगी, शिव्या कमी, राग अस्सल, बेस असा की दाढ हलावी. दुसरा जॅझ-फंकचा, आणि त्यात बेस गिटार वाजवणारा धाकटीचा सख्खा थोरला भाऊ. त्याबद्दल छापून आलं होतं: 'जो तो बेसच्या जिवावर उड्या मारत असताना या बँडने बेसच पुसून टाकायची छाती दाखवली. बेसवादक आहे, पण नसल्यासारखा. अल्बमला मोकळा श्वास मिळालाय तो त्याच्या न वाजवण्यामुळे.'

"अगं, कौतुक केलंय मी त्याचं."

"आग लागो तुझ्या कौतुकाला! बोटांची सालटी निघेपर्यंत वाजवलंय त्यानं. आणि तू म्हणतेस, नसल्यासारखा? बँड चालवणाऱ्या मास्तरांनी तुझं वाक्य दौऱ्याच्या पोस्टरवर टाकलंय. म्हणतात, मग दौऱ्यावर बेसवाला कशाला न्यायचा, कीबोर्डच्या डाव्या हातावर भागवू. दोन दिवस झाले, तुझा दादा भिंतीकडे तोंड करून बसलाय."

"पण वहिनी, बेस खरंच नाहीये त्यात."

"कुठे ऐकलंस?"

"कामावर. आणखी कुठे ऐकणार?"

काम म्हणजे पार्सलांचं गोदाम. दिवसभर खोकी उचला, पत्ते बघा, पट्ट्यावर टाका. संपादक आज अल्बम पाठवतो आणि उद्या मजकूर मागतो, म्हणजे ऐकायचं ते खोकी उचलतानाच. इयरफोन फक्त उजव्या कानात. डावा कान फोर्कलिफ्टच्या भोंग्यासाठी मोकळा ठेवायचा, नाहीतर एक दिवस आपलंच पार्सल व्हायचं. इतकी वर्षं ती असंच ऐकत आली आणि असंच लिहीत आली.

हे सगळं वहिनीला सांगता सांगता तिच्या लक्षात आलं.

दादाच्या बँडने हट्टाने जुन्या पद्धतीचं रेकॉर्डिंग केलं होतं. खोलीत जो ज्या बाजूला उभा, त्याचा आवाज त्याच बाजूला. दादा डावीकडे उभा होता, म्हणजे त्याचा बेस फक्त डाव्या कानात. त्या पोरीच्या अल्बमचा बेस मात्र मधोमध, दोन्ही कानांत सारखा. एकाच कानात त्याने दाढ हलवली, म्हणून शंकाच आली नाही.

"अर्धाच बँड ऐकलास तू," वहिनी म्हणाली. "आणि नेमका घरचा अर्धा गाळलास."

धाकटीने तिथल्या तिथे संपादकाला फोन लावला. "दुरुस्ती छापा."

"कसली? तारीख चुकली, नाव चुकलं, तर दुरुस्ती. हे मत आहे बाई. मत कधी चुकतं का?"

"मी ऐकलंच नव्हतं!"

"आमच्याकडे किती जण ऐकून लिहितात असं वाटतं तुला? लोकांना आवडलंय. गप्प बस." फोन कट.

असली माणसं पानं चालवतात.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत बँडची तालीम असायची. दुपारी धाकटी तिथे धडकली तेव्हा मास्तर कीबोर्डवर होते, ड्रमर खुर्चीत आणि दादा सामान न्यायला आलेला, आपली वायर गुंडाळत होता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. मास्तर खो खो हसले.

"म्हणजे अर्धा ऐकलास आणि पुरता आवडला! मग उरलेला अर्धा कशाला हवा?"

दादाने वायर खाली टाकली. "थांबा. हिला आत्ता ऐकू दे. इथेच. दोन्ही कानांनी." मग तिच्याकडे वळून, "आणि खरं सांग, चिमणे. नेहमीसारखं."

दोन्ही कानांत इयरफोन घालून ती भिंतीला टेकून अल्बम ऐकत राहिली. पहिल्याच गाण्यात दादा डाव्या कानात शिरला. याला ती नसल्यासारखा म्हणाली होती! दुसरं संपलं. तिसरं लागलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. तिने ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं. दादा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. खोटं बोलणं किती सोपं होतं. एक मान हलवायची, बस.

"बाकीची तुझ्याशिवाय पांगळी आहेत," ती म्हणाली. "तिसरं नाही. तिसऱ्यात ट्रम्पेट बोलतोय आणि तू सारखा मध्ये तोंड घालतोस. ते तुझ्याशिवायच बरं होतं."

"झालं तर!" मास्तरांनी टाळी वाजवली.

"काय झालं? पहिलं वाजवून दाखवा डाव्या हाताने."

मास्तरांनी वाजवलं. डावा हात धोपटत राहिला, उजवा त्याच्या मागे फरफटला. ड्रमरने मध्येच काठ्या मांडीवर ठेवल्या. "मास्तर, मला धरायला काही नाही यात. दादाला सोडून जायचं तर दुसरा ड्रमर बघा."

मास्तरांनी पट्ट्यांवरून हात उचलले. "पोस्टर थांबवतो, बेसवाला येतोय दौऱ्यावर," ते म्हणाले. "पण तिसऱ्याचं ही म्हणते ते खरं आहे."

दादा धाकटीवर उसळला. "एक गाणं गिळलं असतंस तर काय झिजलं असतं गं तुझं?"

"तूच म्हणालास, खरं सांग."

"आणि तिसऱ्यात मी काय करू? स्टेजवर नुसता खांबासारखा उभा राहू?"

"उभा राहा."

मास्तरांनी तिसरं गाणं सुरू केलं. ट्रम्पेटची ओळ ते कीबोर्डवरच वाजवत होते. दादा पंजा तारांवर दाबून उभा राहिला. बोटं खाली वळवळत होती, जबडा आवळलेला. वाजवलं मात्र नाही. गाणं संपेपर्यंत त्याने बहिणीकडे एकदाही बघितलं नाही.