आठवी खूण

शनिवारी मिस्त्रींची गाडी निम्म्या रस्त्यातून परत आली. बोनेटमधून वाफेचा लोट, खाली हिरव्या पाण्याची धार आणि मागच्या सीटवर आडवी पडलेली बायको. आठवड्यातून तीनदा तिला शहरातल्या मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. ती पाळी चुकली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "एक चुकली, निभेल. मंगळवारी सकाळी नऊला मशीन तुमच्यासाठी ठेवतो. पण ही चुकवू नका, मिस्त्री. पुढचं मग माझ्या हातात नाही."

पूल खचल्यापासून रुग्णवाहिका या बाजूला येत नव्हती. भाड्याच्या गाडीवाल्याने एकदा नेलं, पण बाई गाडीत ओकल्यावर त्याने कानाला खडा लावला. गॅरेजवाला म्हणाला, "चार दिवस तरी हात लागणार नाही." मग मिस्त्री स्वतःच जाऊन नवा रेडिएटर घेऊन आले. चाळीस वर्षं पाण्याच्या पंपांवर फिटर म्हणून काढलेला माणूस तो. घरातल्या घरात काम करायचं त्यांना नवं नव्हतं. नवं होतं ते मुलाशिवाय करायचं.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तिथला एक नियम त्याने घरी आणला होता. ज्याने बोल्ट आवळला त्याने खूण करायची नाही. दुसऱ्याने पान्याने तपासायचं आणि मगच लाल ठिपका द्यायचा. ठिपका अर्धा बोल्टवर, अर्धा बाजूच्या पत्र्यावर, म्हणजे बोल्ट हलला तर ठिपका तुटलेला दिसतो. ठिपक्यासाठी त्याने बायकोची नेलपॉलिशची बाटली ढापली होती. "लोकांच्या नवऱ्यांना दुसऱ्या बाईचा नाद असतो, माझ्या नवऱ्याला बोल्टांना नटवायचा," असं सून म्हणायची आणि सगळं घर हसायचं. बापलेकांनी बारा वर्षं अशी कामं केली. बाप आवळायचा, लेक तपासायचा. बाप कुरकुरायचा, "माझ्या हातावर विश्वास नाही काय रे?" तर लेक म्हणायचा, "हातावर आहे बाबा, आठवणीवर नाही. आणि हो, सोडताना जुनी खूण आधी खरवडायची. नाहीतर ती खोटी साक्ष देते."

दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापात तो गेला. अवजारांच्या पेटीत बाटली तशीच राहिली. सुनेने तेव्हापासून नखांना काही लावलं नव्हतं.

सोमवारी दुपारी मिस्त्रींनी गाडी पुढून उचलली, चाकांना दगड लावले आणि बोनेट उघडलं. सून हातात टॉर्च घेऊन उभी राहिली. घराचं दार उघडंच होतं. दाराशी ओढलेल्या खाटेवरून बायको सगळं पाहत होती. पाय सुजून उशीसारखे झाले होते, पण जीभ अजून सुजली नव्हती.

"अहो मिस्त्री," ती म्हणाली, "माझ्या अंगातलं पाणी उतरत नाही आणि तुमच्या गाडीच्या अंगात टिकत नाही. दोघींत जरा वाटून द्या की."

"तू गप पड. दम लागेल."

"गप पडायला पुढे खूप वेळ आहे."

सून टॉर्च हलवत म्हणाली, "आई, असलं काही बोलायचं नाही हं. बाबांचा पाना सटकतो."

उरलंसुरलं पाणी मिस्त्रींनी परातीत काढलं. कुत्रं-मांजर त्या विषारी पाण्यात तोंड घालेल म्हणून ती सुनेने लगेच उचलून कोठीत ठेवली. मग बोल्ट. पंख्याच्या जाळीचे दोन, रेडिएटरच्या पट्ट्यांचे वर दोन, खाली दोन. प्रत्येकावर लाल ठिपका. मिस्त्री पहिल्या ठिपक्याशी थबकले. नखाएवढा रंग तो. पण त्याच्यामागे वाकलेलं डोकं होतं, दातात धरलेला टॉर्च होता, आणि "हं, पुढचा" असा आवाज होता.

"खरवडता ना?" सुनेने हळूच विचारलं.

"खरवडतो ना."

सहाही त्यांनी ब्लेडने खरवडले. लाल पापुद्रे पत्र्यावर पडले, फुंकर मारली तसे उडून गेले. वरच्या पाइपला आवळणारा गोल पट्टीचा क्लॅम्प गंजून गेला होता, तो त्यांनी कापूनच टाकला. उरला खालच्या पाइपचा. तो चांगला होता आणि त्याच्या स्क्रूवर अखेरचा ठिपका होता. मिस्त्रींनी तो क्लॅम्प काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. एवढा एक राहू दे, असं त्यांच्या मनात आलं. देवाने सगळंच नेलं. एक ठिपका नेला नाही तर त्याचं काय अडणार होतं?

नवा रेडिएटर बसला. मिस्त्री आवळत गेले, सून पान्याने तपासत गेली आणि काडीने ठिपके देत गेली. बाटलीतलं पॉलिश दाटून आलं होतं. तिने त्यात स्पिरिटचे दोन थेंब टाकून ते सैल केलं. पहिला ठिपका तिने जपून दिला, पुढचे भराभर. सहा बोल्ट, वरचा क्लॅम्प, असे सात झाले.

खालच्या पाइपसाठी आणलेल्या नव्या क्लॅम्पचा स्क्रू मात्र फिरतच राहिला. आटे गेलेले. मिस्त्रींनी त्याला एक शिवी हासडली, दाराकडे पाहून जीभ चावली, आणि खिशातला जुना क्लॅम्प काढला. ब्लेड हाताशीच होतं. ते त्यांनी उचललं आणि परत ठेवलं. आपण आत्ताच तर आवळणार आहोत, विसरायला वेळ तरी कुठे आहे, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं. पाठीवर गाडीखाली सरकून त्यांनी पाइप चढवला, क्लॅम्प जागेवर आणला, बोटांनी स्क्रू फिरवून धरता केला आणि स्क्रूड्रायव्हरसाठी हात बाहेर काढला.

हातात स्क्रूड्रायव्हर आला नाही. सुनेची हाक आली. "बाबा! आईंना धरा, बाबा!"

ती टॉर्च टाकून आत धावली होती. बायको खाटेवरून घसरत होती, ओठ निळसर, छातीत भाता चाललेला. दोघांनी तिला बसतं केलं, पाठीशी उशा रचल्या, खिडक्या उघडल्या. तिचा श्वास जाग्यावर यायला अर्धा तास गेला. तो सबंध अर्धा तास मिस्त्री तिचा हात धरून नामस्मरण करत बसले. ओठांवर देवाचं नाव होतं आणि डोक्यात, उद्या नऊ, उद्या नऊ, एवढंच.

"जा," बायको शेवटी म्हणाली. "माझा हात धरून गाडी नीट होते का?"

मिस्त्री परत गाडीखाली सरकले. टॉर्च खालच्या पाइपवर मारला. क्लॅम्पवर लाल ठिपका होता.

ठिपका म्हणजे आवळलेलं आणि तपासलेलं. बारा वर्षं डोळ्यांना तेच वळण. तो सलग आहे की तुटलेला, हा प्रश्न दमलेल्या मनाने विचारलाच नाही. ते बाहेर सरकले आणि म्हणाले, "पोरी, सगळ्या खुणा एकदा मोज."

सुनेने एक डोळा खाटेवर ठेवून वरून मोजल्या, मग फरशीवर गाल टेकवून खालून मोजल्या. "आठ."

"पुन्हा मोज."

"बाबा, आठच आहेत. दोनदा मोजल्या."

कूलंटचं हिरवं पाणी भरलं. वीस मिनिटं इंजीन चालू ठेवलं. खाली कोरा कागद अंथरला होता, त्यावर एक थेंब पडला नाही. बोटांनी धरलेला क्लॅम्प उभ्या गाडीला तेवढा पुरला. बायको खाटेवरून म्हणाली, "कागद मला दाखवा," आणि तो पाहून तिने नवऱ्याला हात जोडले. गमतीने जोडले की खरेच, ते मिस्त्रींना कळलं नाही. त्या दुपारी मात्र त्यांची छाती फुगली होती.

मंगळवारी सातला निघाले. पूल खचल्यामुळे डोंगरावरून वळसा होता. पहिला चढ गाडीने लीलया घेतला. दुसऱ्या चढावर इंजीनच्या तापमानाचा काटा वर गेला, आणि मिस्त्री बाजूला थांबायच्या बेतात असतानाच झरकन खाली आला. "उतरला," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी दामटली. पाणीच संपलं की काट्यालाही काही कळत नाही, हे चाळीस वर्षं पंपांवर काढलेल्या माणसाला ठाऊक होतं. पण मागे बायकोचा श्वास घरघरत होता आणि त्यांना काटा उतरायलाच हवा होता.

माथ्याच्या अलीकडे इंजीनने लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज केला आणि ते जाम झालं.

बोनेट उघडलं. खालचा पाइप सुटून लोंबत होता. क्लॅम्प त्याच्यावर बांगडीसारखा सैल. मिस्त्रींनी कापडाने धरून तो काढला, स्क्रूला बोट लावलं तर तो आपसूक फिरला. ठिपका काळपट होता, तडकलेला. कालचे सात भडक लाल, चकचकीत. एवढ्या उजेडात आंधळ्यालाही फरक कळला असता. त्यांनी क्लॅम्प खिशात टाकला.

"काय झालं, बाबा?"

"पाइप सुटला."

सून तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आतून बायकोचा आवाज आला, बारीक, "मिस्त्री, गाडीवर ओरडू नका हो. तिचंही वय झालंय."

त्यानंतर ती बोलली नाही.

डोंगरावर फोनला रेंज नव्हती. तीन तासांनी वाळूचा ट्रक आला. ड्रायव्हरने काही न विचारता केबिन मोकळी केली, बाईला स्वतः उचलून घेतलं, "माउली, धरून बसा," म्हणाला आणि भोंगा वाजवत गाडी काढली. देव माणसांतून येतो ते खरं, पण त्या दिवशी तो उशिरा आला. दवाखान्यात पोचायला सव्वाबारा वाजले. मशीनवर दुसरा रोगी होता, अर्ध्यात त्याला उठवता येत नव्हतं. डॉक्टरांनी सुया टोचल्या, छातीला तारा लावल्या. दुसरं मशीन दोनला रिकामं होणार होतं. दीड वाजता तारांना जोडलेल्या पडद्यावरची रेघ सरळ झाली.

कागदपत्रं होईपर्यंत बाहेरच्या बाकावर दोघं बसली. सुनेचा पदर ओला होता. ती समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होती.

"मी मोजल्या होत्या बाबा. आठ होत्या. माझ्याच मोजण्यात काहीतरी… तपासायचं काम माझं होतं. तपासायला ते मला ठेवून गेले आणि मी आईंना…"

मिस्त्रींचा हात खिशाकडे गेला. तोंड उघडलं नाही तर हे असंच राहणार होतं. पोरगी जन्मभर त्या आठ खुणा मोजत राहील आणि कुणालाही, कधीही काही कळणार नाही. खिशातला क्लॅम्प छातीला टोचत होता. आयुष्यभर ज्याच्यापुढे डोकं टेकवलं त्याला तर सगळं दिसतच होतं. राहिली होती ती ही एक, शेजारी बसलेली.

त्यांनी क्लॅम्प काढून तिच्या हातात ठेवला.

"सात तुझ्या. आठवी त्याची. तुझं मोजणं बरोबर होतं."

तिला पटकन कळलं नाही. मग तिने ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"तुम्ही खरवडली नाहीत."

"नाही खरवडवली. तेवढीच राहिली होती. आवळायच्या आधी आत यावं लागलं, आणि परत आलो तर… खूण दिसली. तू काही केलं नाहीस, पोरी. तिला मी मारलं."

सुनेने पदराने डोळे पुसले. आतून चाकाच्या खाटेचा आवाज आला आणि दूर गेला. मग तिने क्लॅम्प मांडीवर धरला आणि नखाने ठिपका खरवडायला लागली.

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. "आता कशाला? राहू दे गं ती."

"नियम त्यांचाच होता, बाबा."

रंग वाळून दगड झाला होता. तिचं नख मोडलं, तशी तिने दुसरं लावलं. शेवटी ठिपका एका पापुद्र्यात सुटला आणि जमिनीवर पडला. पुसायला आलेल्या बाईच्या फडक्याबरोबर तो गेला. दोघांनी तो जाताना पाहिला.

तिने उघडा क्लॅम्प सासऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटली.

"चला," ती म्हणाली. "आईंना घरी न्यायला गाडी बघायला हवी."

मिस्त्री बाकावरून उठायला गेले. तिने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. दारापर्यंत तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांचा हातही सोडला नाही.