उस्तादांनी आणलेलं जाड ऑइल

मित्रांनो, मी एक जुनं नरसाळं आहे. पत्र्याचं, एका बाजूला चेपलेलं. पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने रिकामा डबा कापून मला वळवलं आणि या गॅरेजच्या मिस्त्रींना विकलं. माझ्या भावंडांच्या नशिबी दूध आलं, सरबत आलं. माझ्या नशिबी इंजिन ऑइल.

तरुणपणी माझं कौतुक होत असे. "थेंब सांडत नाही बघ," असं उस्ताद म्हणायचे. उस्ताद म्हणजे एका ट्रकचे मालक आणि ड्रायव्हर, मिस्त्रींचे जिवलग मित्र. ऑइलवरून दोघं हमरीतुमरीवर यायचे. उस्तादांना सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक होतं, जाड ऑइल. "ट्रकला घालतोयस की बैलगाडीच्या चाकाला?" असं मिस्त्री विचारायचे, आणि मग दोघं चहाला जायचे.

पुढे प्लास्टिकची नरसाळी आली आणि माझी रवानगी खिळ्यावर झाली. सुरुवातीला वाईट वाटलं. नंतर काहीच वाटेनासं झालं.

उस्तादांनी जुना ट्रक विकून नवा घेतला. त्याच्या पहिल्या ऑइल बदलासाठी हौसेने जाड ऑइलचा डबाही आणून ठेवला. पण ती वेळ यायच्या आधीच साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

एके दिवशी तो ट्रक त्यांच्या धाकट्या भावाने गॅरेजात आणला. शेजारी उस्तादांची बायको बसली होती, मांडीवर तो डबा. गॅरेजात सगळे त्यांना वहिनी म्हणतात. प्लास्टिकचं नरसाळं तडकलेलं निघालं, म्हणून मिस्त्रींनी मला खाली काढून पुसलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

इंजिनाखालचा बोल्ट काढताच काळं ऑइल पसरट डब्यात पडलं. त्यात बारीक चमचम दिसली.

"इंजिन गेलं का हो?" धाकट्याने घाबरून विचारलं.

"नाही रे. नवे भाग एकमेकांत बसताना थोडे झिजतात. तो चुरा बाहेर काढायलाच पहिला बदल करतात."

वहिनींनी तिकडे पाहिलंही नाही. "यांनी आणलंय तेच घाला," त्या म्हणाल्या. आवाजात चढ ना उतार.

मिस्त्रींनी डब्यावरचं वाचलं. ट्रकच्या पुस्तकात पातळ ऑइल सांगितलं होतं. नव्या इंजिनातल्या फटी अरुंद असतात. थंडीत जाड ऑइल वर पोचेपर्यंत भाग कोरडेच घासतात. शिवाय कंपनीची हमीही हातची जाते. आणि आता त्या घराची चूल या एका ट्रकवर पेटणार होती.

तरी मिस्त्री म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, वहिनी."

धाकट्यानेही री ओढली. "जुनं ते सोनं. दादाची इच्छाच होती."

मला इंजिनावर बसवलं. मिस्त्रींनी डब्याचं झाकण फिरवलं.

"मिस्त्री," वहिनी म्हणाल्या, "हे इथे उभे असते तर?"

"तर..." मिस्त्री घुटमळले. "भांडलो असतो."

"मग माझ्याशी का नाही भांडत? घरीही तेच. भाजीत मीठ विसरले तरी सगळे मुकाट जेवतात. काहीही बोला, समोरून नुसतं हो, हो. मला आताशा काही जाणवतच नाही. यांच्याबरोबर मीही गेले की काय?"

धाकट्याने मान खाली घातली. मिस्त्रींनी डबा धाडकन जमिनीवर ठेवला.

"वहिनी, हे ऑइल या ट्रकला चालणार नाही. इंजिनाची वाट लागेल. मी घालणार नाही. हट्टच असेल तर दुसरं गॅरेज बघा."

"चांगल्यातलं चांगलं आणलंय यांनी." वहिनींचा आवाज चढला.

"चांगलंच आहे, पण चुकीचं आहे. जन्मभर त्याला हेच सांगत आलो. ऐकलं का त्याने?"

"ते कुणाचं ऐकणार," वहिनी म्हणाल्या आणि ट्रकच्या चाकाला टेकून रडल्या. उस्ताद गेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या. मिस्त्रींनी समजूत घातली नाही, ते नुसते उभे राहिले. बऱ्याच वेळाने वहिनींनी पदराने नाक पुसलं.

"घाला तुमचं पातळ. आणि तो डबा तुमच्या म्हाताऱ्या गाड्यांना वापरा."

पातळ ऑइल माझ्यातून सरसर खाली उतरलं.

मित्रांनो, काम झालं की मला पुसून पालथं टांगा. धुळीचा कणही इंजिनाला महागात पडतो. माझ्यासाठी एवढंच मागणं. दुसरं मागणं वहिनींसारख्यांसाठी आहे. दुःखातल्या माणसाला जपा, पण काचेच्या भांड्यासारखं नको. त्याचं चुकलं तर चुकलं म्हणा. त्याच्याशी भांडा.

पुढच्या बदलाला वहिनी पुन्हा आल्या. या खेपेला वाद टायरमधल्या हवेवरून झाला, आणि चांगला रंगला. शेवटी मिस्त्रींनी मोजून पाहिलं, तर वहिनींचंच बरोबर निघालं.