हेमप्रभाच्या गालातला निरोप्या

मी एक बिघडलेला निरोप्या आहे. खरे तर एक प्रथिन, डोळ्यांना दिसणारही नाही इतके लहान. आसामात हेमप्रभाच्या डाव्या गालातली एक पेशी हे माझे घर. मित्रांनो, गालाला जखम झाली की पेशीच्या दाराशी हाक येते, नव्या पेशी हव्यात. तो निरोप आत पोचवायचा आणि गप्प बसायचे, एवढेच आमचे काम. गप्प करायला एक सोबती येतो.

हेमप्रभा हातमागावर बसली की तांबूल-पान, म्हणजे सुपारी-चुन्याचा विडा, त्याच गालात दाबून ठेवी. वर्षानुवर्षे. त्या सुपारीने माझ्या घडणीचा आराखडाच बिघडवला आणि मी जन्मालाच वाकडा आलो. सोबती आला, पण त्याचा हात माझ्यात बसेना. तो परत फिरला. मग जखम नसतानाही मी निरोप देतच राहिलो. पेशींना आवरणारा पहारेकरीही तोवर मोडून पडला होता. भोवती नको असलेल्या पेशींची गर्दी वाढली. सगळे माझे ऐकत, मला थांबवणारे कोणी नव्हते. फार एकटे वाटे हो.

गालात पांढरा चट्टा उठला, मग व्रण झाला. "चुन्यानं भाजलंय," असे स्वतःशीच म्हणून हेमप्रभाने चुना कमी केला. तोंड उघडेना, तेव्हा भात मऊ शिजवू लागली. बोलली कोणाला नाही.

एके दिवशी शेजारची जोनाली आली. तिच्या बदकांनी हेमप्रभाचा भाजीचा वाफा तुडवल्यापासून दोघींचा अबोला होता. आमच्या आसामात माफी मागताना तांबूल-पान पुढे करतात. समोरच्याने ते घेतले की राग संपला. जोनालीने तळहातावर तांबूल धरले.

"बाइदेउ, मोठ्या बहिणीसारख्या तुम्ही मला. बदकं माझी, चूकही माझी. घ्या की आता."

हेमप्रभाचा हात पुढे झाला नाही.

"एवढा राग? मी मेल्यावर घेणार का?"

"राग नाही गं बाई. तोंडच उघडत नाही."

जोनालीने तिची मान उजेडाकडे वळवली, ओठ बाजूला केला आणि तांबूल खाली ठेवले.

"उठा. दवाखान्यात चला."

"कापड अर्धं राहिलंय मागावर."

"राहू दे. ते कुठं पळून जात नाही."

तो कर्करोग निघाला. डॉक्टरांनी तेवढा गाल कापून काढला. आता त्या तुकड्यासोबत मी तपासणीच्या बाटलीत, औषधी पाण्यात आहे. माझा निरोप अखेर थांबला. ऐकणारेही कोणी उरले नाही.

परवा दोघी निकाल ऐकायला आल्या. कापलेल्या तुकड्याच्या कडेला रोग सापडला नव्हता, म्हणजे तो पुरता निघाला होता, पण दाखवायला येत राहा, असे डॉक्टरांनी बजावले. हेमप्रभाला अजून नीट बोलता येत नव्हते. तिने जोनालीच्या रिकाम्या तळहातावरून तांबूल उचलल्यासारखे केले. जोनाली रडली.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी तोंडातला व्रण लपवत असेल, तर त्याची मान उजेडाकडे वळवा. तो नको म्हणेल. माझा सोबती परत फिरला होता, तुम्ही फिरू नका.